वालावलकरांची शिळा

विद्याधर वालावलकर एका जागी स्वस्थ बसलेत असं आमच्या भांडुपात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी आधी त्यांची तब्येत विचारली असती. जेवताना एक गुडघा वर, चहा दारात उभ्याने, आणि वर्तमानपत्र तर येरझाऱ्या घालतच वाचायचे. अशा माणसाला नशिबाने नोकरी दिली ती बसायची. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ते ट्रेसर होते. साहेबाच्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खाली दिसेल ती रेघ वर शाईने गिरवायची, बस्स. पूल दुसऱ्याचा, धरण दुसऱ्याचं, ह्यांची नुसती शाई. मुलगी शुभा लग्न होऊन कांदिवलीला गेली, कानावरचे केस पिकले, तरी हे मी उभं केलं म्हणून बोट दाखवावं असं काही हातून झालं नव्हतं. ते त्यांना आतून खात होतं. बोलून दाखवत नसत, पण खात होतं.

त्यात अंबरनाथच्या देवळाने भर घातली. लग्नानंतर क्षमाबाईंना घेऊन ते तिथे गेले होते. त्या आत जाऊन, पिंडीवर बेल वाहून, तीर्थ घेऊन परत आल्या, तरी हे आपले दारातच, मान वर करून दगडांकडे बघत उभे.

"हे वर चढवलं कसं गं?"

"पांडवांनी चढवलं. एका रात्रीत." क्षमाबाईंना लहानपणापासून तेच सांगितलं होतं.

"एका रात्रीत? अगं, आमच्या कचेरीत एका रात्रीत शाई वाळत नाही!"

झालं. तो प्रश्न घशातल्या माशाच्या काट्यासारखा अडकला तो अडकलाच. भेटेल त्याला विचारायचे. कुणी म्हणे मंत्राने चढवलं, कुणी म्हणे तेव्हाची माणसंच ताडमाड होती. जुनी माणसं आणखी एक सांगायची. देऊळ बांधता बांधता आतबाहेर माती भरत जायची, भिंत चढेल तशी माती चढवायची, मातीच्याच उतारावरून दगड ओढत वर न्यायचे, आणि शेवटी सगळी माती उपसली की देऊळ मोकळं. सांगणारे शंभर, पाहिलेला एक नाही. वालावलकरांना मात्र हे पटलं. इतकं पटलं की करून बघितल्याशिवाय चैन पडेना. पण ट्रेसरला देऊळ बांधायला देतो कोण?

देवीनेच दिलं म्हणायचं. त्यांच्या घरामागे, डोंगराच्या पायथ्याशी, कोकणातून आलेल्या माणसांची वस्ती होती. आधी गिरणीत होते, मग इकडच्या कारखान्यांत चिकटले. त्या वस्तीची माउली म्हणजे जमिनीतून वर आलेला गुडघाभर उंचीचा दगड, शेंदराने माखलेला. वर चार खांबांवर पत्रा. क्षमाबाई रोज सकाळी तिथे जाऊन पाणी घालायच्या. एका वर्षी वादळात तो पत्रा उडाला आणि थेट वस्तीतल्या शेवंतीच्या गोठ्यावर जाऊन आदळला. म्हैस बचावली, पण शेवंतीने आठवडाभर वस्ती डोक्यावर घेतली. दिवाळी उरकल्यावर बैठक बसली. कुणी म्हणालं नवा पत्रा टाकू, कुणी म्हणालं सिमेंटचा स्लॅब.

"स्लॅब कशाला?" वालावलकर म्हणाले. "मागच्या खाणीत ती लांबरुंद शिळा पडून आहे. खाणवाला घेऊन जा म्हणतो. चारी भिंती काळ्या दगडाच्या, आणि वर ती एकच शिळा. हजार वर्षं बघायला नको!"

"आणि ती चढवणार कोण? तुमचे पांडव?" हा नंदकुमार, क्षमाबाईंचा धाकटा भाऊ, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. "भावोजी, मी चेनकप्पी मिळवतो. तीन बल्ल्यांची तिकाटी उभी केली की दुपारपर्यंत काम फत्ते."

"पांडवांकडे चेनकप्पी होती?"

"त्यांच्याकडे भीम होता!"

सगळे खो खो हसले. वालावलकर हसले नाहीत. त्यांनी तिथेच चार विटा मांडल्या, त्यांत आणि भोवती माती दाबून भरली, एका बाजूला उतार केला आणि पाटीचा एक तुकडा काड्यांवरून घरंगळत नेऊन विटांवर बसवला. मग बोटांनी माती उकरली. तुकडा जागच्या जागी राहिला. वस्ती बघतच राहिली. डोंगर शेजारी असल्यावर मातीला काय तोटा, आणि अंगात रग तर होतीच. फक्त नंदकुमार तेवढा पुटपुटला, "झकास. पण वीट वेगळी आणि शिळा वेगळी."

खरी अडचण दुसरीच होती. माउली स्वयंभू, तिला जागची हलवायची नाही. मग माती भरायची म्हणजे तिच्यावरच की!

"म्हणजे देवीला पुरणार तुम्ही?" क्षमाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. 

उत्तर दिलं बाळा परबांनी. म्हातारे, गिरणीतून निवृत्त झालेले, आणि वस्तीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. "माउलीक इचारूया. ती व्हय म्हणाली तर आमी कोण नाय म्हणणारे?"

दुसऱ्या दिवशी कौल लावला. माउलीच्या दगडावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाळा परबांनी हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला. "बा माउली, ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वस्ती ओरडली.

"तुझ्या डोक्यार छप्पर घालूचा आसा, म्हणान तुका मातयेखाली ठेवचा लागतला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी मर्जी आसात तर उजवो कौल दी, आणि लेकरांक सांभाळ म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. वालावलकरांचा जीव भांड्यात पडला. क्षमाबाई घरी गेल्या आणि माहेराहून आलेलं तांब्याचं मोठं घंगाळ घेऊन आल्या. माउलीला खण घालून त्यांनी ते घंगाळ तिच्यावर पालथं घातलं, निदान मातीने नाक-तोंड बुजू नये म्हणून. मग पहिलं घमेलं पडलं.

त्या दिवसांत वालावलकरांना काय उत्साह चढला होता म्हणून सांगू! कचेरीतून आले की धोतर खोचून थेट मातीवर. थर कमी भरला तर ओरडायचे, धुम्मस घेऊन माती स्वतःच्या हाताने ठोकायचे, वडाराने बसवलेला प्रत्येक चिरा हलवून बघायचे. होळी झाली तोवर देवळाच्या जागी एक टेकाड उभं होतं आणि त्याला एका अंगाने लांबलचक उतार. रविवारी वस्तीतले यच्चयावत पुरुष काथ्याच्या दोरखंडांना लागले. शिळेखाली गोल ओंडके, मागे पहारी, पुढे हैसा रे हैसा. नंदकुमारही अखेर दोराला लागलाच. शिळा मुंगीच्या पावलाने चढली, वर पोचली, शेवटचा ओंडका निसटला आणि ती भिंतींवर बसली. धप्प!

"माउलीच्या नावानं चांगभलं!" डोंगर दणाणला. वालावलकर शिळेला खेटून ओणवे झाले होते. त्या गदारोळात त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला. कट्. सुपारी फोडावी तसा.

त्यांनी शिळेवरून हात फिरवला. वरून कुठे काही नाही. खालून काय झालंय ते मातीला ठाऊक. बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात लोकांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. कुणी गुलाल टाकला, कुणी गळ्यात हार घातला. जन्मात पहिल्यांदा माणसं त्यांच्या नावाने ओरडत होती. वालावलकरांनी उघडलेलं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन ते टेकाडावर हजर, तर पायथ्याशी बाळा परब.

"खंय चाललात?"

"माती काढायला."

"कौल?"

"घेतला की तुम्हीच."

"तो ठेवूचो घेतलो. काढूचो खंय घेतलो?"

"मग घ्या आता."

"कशार लावू?" म्हाताऱ्याने टेकाडाकडे हात केला. "माउली खाली आसा."

आता घ्या! एवढी वस्ती, एवढी डोकी, गाऱ्हाणं घालण्यात हयात गेलेला माणूस, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. ठेवायला विचारलं, काढायला विचारलंच नाही. आणि विचारायचं तर पाकळी लावायचा दगडच मातीत. नंदकुमार डोकं धरून खाली बसला. वालावलकरांनी समजावलं, चिडले, हात जोडले. बाळा परब ढिम्म हलले नाहीत. लोकही त्यांच्याच मागे. कुणी गावाला जाऊन तिथल्या देवाला विचारून बघितलं, तर गावकऱ्यांनी हात झटकले. भांडुपची देवी आमच्या देवाच्या हद्दीत येत नाही म्हणाले.

चैत्र गेला, वैशाख आला. आणि लोकांच्या नजरा फिरल्या. शेवंतीच्या म्हशीने दूध चोरलं, तर म्हणे माउलीचा जीव घुसमटतोय. नंदकुमारचा पाय मुरगळला, तरी तेच. परवापर्यंत खांद्यावर घेणारी माणसं वालावलकर दिसले की गप्प व्हायची. त्यांचं जेवण तुटलं. कचेरीत एकाच रेघेवर दोनदा शाई फिरवून त्यांनी अख्खं कापड वाया घालवलं आणि साहेबाची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी न येता टेकाडाला प्रदक्षिणा घालायचे. देवासाठी नव्हे, भिंत कुठे फुगलीय का ते बघायला.

"पाऊस मुरला की आतली माती फुगणार," ते प्रत्येकाला सांगायचे, "भिंती बाहेर ढकलणार, सगळं खाली येणार. आधी काढायला हवी!" खरंच होतं ते. पण कट् ऐकलं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. क्षमाबाईंनाही नाही. तडा गेला असेल तर आयुष्यात एकदाच केलेलं काम फुकट गेलं, हे स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? आधी मी आत जाईन, बघेन, मग काय ते बोलेन, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शेवटी वस्ती पुन्हा जमली. तोच वाद, तीच उत्तरं. बायकांत बसलेल्या क्षमाबाई उठल्या.

"बाळाकाका, एक विचारू? माझं घंगाळ आत आहे. माझ्या माहेरचं. माझं भांडं परत आणायला मला कुणाचा कौल लागतो का हो?"

 बाळा परबांनी बराच वेळ टक्कल खाजवलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पण कुठे बोट ठेवायला जागा सापडेना.

"भांड्याक कौल लागणा नाय," ते म्हणाले. "पण जेचा भांडा, तेनाच काढूचा. भायली माती गाव काढतलो. आतल्या मातयेक हिचो एकटीचो हात. माउलीचा त्वांड दिसला की मी कौल लावतंय, मगे बाकीच्यांनी आत जावचा."

काय आनंद झाला लोकांना! नंदकुमारने शिट्टी मारली. "ताई, मानलं तुला!" आणि वालावलकर? त्यांची पाचावर धारण बसली. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते समोर आलं होतं, पण त्या शिळेखाली पहिल्यांदा जाणार होती क्षमा.

"मी काढतो घंगाळ," ते पुढे झाले. "नवरा-बायकोत तुझं-माझं काय?"

"भांडा तिच्या माहेरचा," बाळा परब म्हणाले. "तुमचो संबंध नाय."

दुसऱ्याच सकाळी बाहेरची माती उपसायला सुरुवात झाली. दाराची वरची कड मोकळी झाली तेव्हा दिसलं की आतली माती हातभर खाली बसलीय, आणि शिळा नि माती यांच्यात काळोखी फट आहे. दारातून माणूस सरपटत जाईल एवढी बाहेरची माती काढून लोक बाजूला झाले. क्षमाबाईंनी पदर खोचला, कंदील घेतला, घमेलं घेतलं आणि वाकल्या.

"थांब, क्षमा!"

वालावलकरांनी त्यांचं मनगट धरलं होतं. चारचौघांत बायकोचं नाव घेऊन हात धरायचा म्हणजे काय! शेवंतीने पदर तोंडाला लावला.

"शिळा बसली तेव्हा मी आवाज ऐकला," ते म्हणाले.  "कट् असा. तडा गेला असेल."

 मग नंदकुमार उसळला. "आणि हे आत्ता सांगताय? ताई आत निघाल्यावर?"

"तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं," वालावलकर म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, हे त्यांचं त्यांनाही कळलं.

क्षमाबाईंनी मनगट सोडवून घेतलं. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "मी जाणार नसते, तर सांगितलं असतंत का? नंतर सगळी वस्तीच आत येणार होती ना? पोरंसोरं?"

वालावलकरांची मान खाली गेली. आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कप्पी आणून शिळा उचलूया वर," नंदकुमार म्हणाला. "उद्याच्या उद्या आणतो."

"आणि उचलताना ती लोंबकळणार कुणाच्या डोक्यावर? माउलीच्याच ना?" क्षमाबाई म्हणाल्या. "पुरे झालं आता. किती महिने झाले तिच्या अंगाला पाणी लागलेलं नाही." आणि सरळ आत शिरल्या.

वालावलकरांनी एकदा शिळेच्या कडेकडे पाहिलं आणि त्यांच्यामागे तेही सरपटत आत घुसले.

"वालावलकरांनू!" बाळा परब बाहेरून ओरडले. "तुमचो हात लागूचो नाय!"

"मी मातीला हात लावत नाही, बाळाकाका. मी नुसता बसतो."

आणि बसले. क्षमाबाई माती भरून घमेलं दाराशी सरकवायच्या, बाहेरचे ओढून घ्यायचे. वालावलकर मधूनच ओरडून सांगायचे, आत एक थर उतरला की बाहेर एक थर उतरवा, नाहीतर भिंत एकीकडे रेटली जाईल. एरवी त्यांचे डोळे शिळेवर. कंदिलाच्या उजेडात ती डोक्याला घासेल इतकी जवळ होती. उजव्या भिंतीपासून मधोमध येऊन विरून जाणारी एक रेघ तिच्यावर दिसत होती, केसाएवढी बारीक. तडा असेल. दगडाची मूळची शीरही असेल. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं, थुंकी लावून पाहिलं. जन्मभर रेघा गिरवलेल्या माणसाला ही रेघ कसली ते कळेना.

"काय आहे?" क्षमाबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढचं घमेलं भरलं.

त्या दिवशी आणि पुढचेही दिवस त्यांनी असंच काम केलं. माती खाली खाली गेली तशी शिळा डोक्यापासून वर वर गेली. आधी ताठ बसता आलं, मग ओणवं उभं राहता आलं, मग सरळ. बाहेरचा उतार गेला, भिंती उघड्या पडल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. बाहेर लोक पुन्हा वालावलकरांचं नाव घ्यायला लागले. ते त्यांना आत ऐकू येत होतं आणि काही वाटत नव्हतं. माती होती तोवर निदान तिचा आधार होता. आता शिळेखाली चार भिंती, मोकळी हवा आणि क्षमा, एवढंच उरलं होतं.

अखेर फावडं ठण्णकन वाजलं. क्षमाबाईंनी बोटांनी कड मोकळी केली आणि घंगाळ उचललं. माउली होती तशी होती. शेंदूर थोडा काळवंडलेला, खण सादळलेला. क्षमाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "दिसली गो माउली?" बाहेरून बाळा परबांनी विचारलं, आणि क्षमाबाईंनी हुंकार दिल्यावर एकच गलका झाला.

"कौल नंतर लावा, काका. आधी मी तिला आंघोळ घालते."

बाहेरून पाण्याची कळशी आत आली. क्षमाबाई माउलीपुढे मांडी घालून बसल्या. मागे काहीतरी हललं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. वालावलकर त्यांच्या डोक्याशी उभे होते, चवड्यांवर, उजवा हात सरळ वर करून. तळवा त्या रेघेवर दाबून धरला होता.

"हे काय करताय?"

"तू पूजा कर."

"अहो, हात काढा. तुमच्यानं धरवणार आहे का ते?"

"तू कर गं पूजा."

क्षमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, आणि त्यांनी जराही घाई केली नाही. माउलीला पाणी घातलं, पुसलं, तेलात शेंदूर कालवून बोटाने हळूहळू लावला, ओटी भरली, दिवा लावला, डोळे मिटून हात जोडले. वालावलकरांच्या हाताला रग लागली होती, पोटऱ्यांत गोळे आले होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. त्या उठल्या, घंगाळ काखेला लावलं आणि उंबऱ्यापलीकडे गेल्या. तोवर वालावलकरांनी हात खाली घेतला नाही.